‘वाच’ लिहिलेलं बटण

ऑगस्टच्या अखेरीस यंत्राच्या छोट्या काचेत ‘बी’ हे इंग्रजी अक्षर लुकलुकायला लागलं. ते पूर्वी तिथे नव्हतं, याबद्दल घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. त्याचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. ज्याला माहीत असण्याची शक्यता होती तो माणूस दीड महिन्यापासून आतल्या खोलीत खाटेवर होता आणि त्याच्या तोंडात ‘हो’ हा एकच शब्द उरला होता.

हे ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत गाण्याची एक पार्टी होती. गाणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. ढोलकीवाले मिलमधून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि पार्टीत पेटी वाजवायचो. कोरसला आणखी दोघं. जयंतीला, गृहप्रवेशाला, बारशाला आणि दसऱ्याच्या सुमारास येणाऱ्या धम्मचक्र दिनाला आमचे कार्यक्रम व्हायचे. माझ्या वादनाबद्दल भाऊंचं मत ठरलेलं होतं. “पेपरवाले,” ते म्हणायचे, “तुमची पेटी बातमीसारखी वाजते. सगळं बरोबर, अन् डोलत कोणीच नाही.”

यंत्र भाऊंच्या पुतण्याने आखातातून आणलं होतं. जपानी बनावट, शाळेच्या पाटीपेक्षा थोडं मोठं, वर रबरी बटणांच्या चार ओळी. आवाज विलायती ड्रमचे होते. पण बटणावर बोटाने ठोकलं की ते ठोके, त्यांच्यामधलं अंतर, बोटाचा कमी-जास्त जोर, हे सगळं ते लक्षात ठेवायचं आणि हव्या त्या लयीत परत वाजवून दाखवायचं. वस्तीत त्याला डब्बा म्हणत. भाऊंच्या उजव्या हाताचे सांधे तेव्हाच आखडत चालले होते. पुतण्या आठवडाभर शेजारी बसून शिकवून गेला. पुढचे दोन महिने भाऊ रोज सकाळी त्या डब्ब्यासमोर बसले. त्यातल्या दोन ड्रमचा सूर त्यांनी असा खाली-वर करून घेतला की डोळे मिटले तर ढोलक ऐकू यावी, आणि मग एकेक ठेका आत भरला. बावीस ठेके झाले. जुलैत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाईंची पहिली कॅसेट व्हायची होती. सीताबर्डीतल्या एका स्टुडिओने दोन दिवस दिले होते. धम्मचक्र दिनाला शहरात बाहेरगावची माणसं येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅसेटांची दुकानं लागतात. त्याआधी कॅसेट तयार हवी होती. दुसरा ढोलकीवाला बसवा, असं दोन-तीन जणांनी सुचवलं. बाईंनी ऐकून घेतलं नाही.

“भाऊचा हात डब्ब्यात हाय,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं मी त्या हातावर गायली. कॅसेटमध्ये दुसऱ्याचा हात येईल अन् भाऊ घरी खाटेवर ऐकत पडंल, हे मले जमणार नाही.”

म्हणजे प्रश्न एवढाच होता: महिनाभर तो हात डब्ब्यात टिकतो की नाही.

लुकलुकणारं अक्षर दाखवायला इतवारीतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घरी आणलं. त्याने डब्बा चालूच ठेवून पाठीमागचं झाकण काढलं, बराच वेळ पाहिलं आणि झाकण परत लावलं.

“आत सेल हाय जी. झाळून बसवलेला. तो मरून राहिला.”

“मग बदला,” मी म्हणालो.

“बदलतो. पण झाळाले लाइन बंद करा लागते, अन् सेल काढला की आतलं सगळं साफ. तोच त्याची याददाश्त धरून बसला हाय नं.”

“म्हणजे न बदलता जाणार आणि बदलला तरी जाणार?”

“तसंच काही,” तो म्हणाला. “तवर एक करा. भिंतीतल्या पलगमधून काढू नका. लाइन हाय तोवर याददाश्त हाय. अन् हे पाहा, मागं दोन भोकं हायेत, टेपरेकॉर्डची वायर लावाची. म्हणजे आतलं टेपवर काढून ठेवाची सोय हाय. कशी, ते मले विचारू नका. मी टीव्हीवाला हाय. याचं पुस्तक असंल, ते पाहा.”

साधा उपाय आम्ही आधीच करून पाहिला होता. डब्बा वाजवून त्याचा आवाज घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतला. स्टुडिओवाल्याने ती कॅसेट अर्धा मिनिट ऐकली. आवाज दबलेला होता, मध्ये शेजारच्या कुकरच्या शिट्या होत्या, आणि लय एकदा टेपवर गेली की गेली. बाईंना गाताना ती सैल-घट्ट करून हवी असायची. “हे घरी आठवण म्हणून ठेवा,” स्टुडिओवाला म्हणाला. “माझ्याकडे मशीनच आणा.”

पुस्तक होतं. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, ते कपड्यांच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं. चाळीसेक पानांचं, गुळगुळीत कागदाचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जपानीत. मधलं एक मोठं घडीचं पान नव्हतं. तारेच्या टाक्यांत त्याची फाटकी कड तेवढी राहिली होती.

“ते पुतण्यानं नेलं,” वहिनी म्हणाल्या. “झेराक्स काढून धाडतो म्हणे. त्यात मशीनचं चित्र होतं. कोणतं बटण काहाचं, ते सगळं.”

“आणि बटणांवर लिहिलेलं असेल ना?”

“होतं. यांनी खरवडलं.”

मी डब्बा पहिल्यांदा नीट पाहिला. प्रत्येक बटणाखाली जिथे इंग्रजी नाव छापलेलं असणार, तिथला रंग ब्लेडने खरवडून काढला होता आणि त्या जागी दवाखान्यात वापरतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. त्यांवर बॉलपेनने मराठी. ‘धा’, ‘ना’, ‘घे’, ‘चाल’, ‘थांब’, ‘हळू’. एका बटणाखाली लिहिलं होतं, ‘हात लावू नको’. ते पुसण्याचं असावं, असा आमचा अंदाज.

“इंग्रजी काहून खरवडली?” बाईंनी विचारलं.

“म्हणे, जे मले वाचता येत नाही ते माह्याकडं पाहत काहून राहावं.”

खालच्या ओळीत उजवीकडे शेवटची दोन बटणं शेजारी शेजारी होती. टीव्हीवाल्याच्या मते टेपचं काम त्यांच्यातच असणार, कारण बाकी सगळ्यांचा काही ना काही उपयोग आम्हाला माहीत झाला होता. त्यांतल्या डावीकडच्या बटणाखाली पट्टी होती: ‘वाच’. उजवीकडच्याची पट्टी गळून पडलेली. तिथे डिंकाचा मळकट चौकोन तेवढा होता.

भाऊंना विचारलं होतं. सगळ्यात आधी त्यांनाच विचारलं होतं. मी खाटेजवळ बसून सावकाश म्हणालो, “भाऊ, टेपवर काढायचं बटण ते ‘वाच’वालं का?” ते म्हणाले, “हो.” मी म्हणालो, “की त्याच्या बाजूचं?” ते म्हणाले, “हो.” तिसऱ्यांदा मी मुद्दाम विचारलं, आज पाऊस पडला का. आकाश कोरडं होतं. ते म्हणाले, “हो,” आणि डोळे मिटले. त्या उत्तराचा आधार घेता येत नव्हता. तेव्हापासून आम्ही त्यांना विचारणं सोडलं आणि दार लोटून बाहेरच्या खोलीत बोलायला लागलो.

शोध सुरू झाला. पुतण्याला पत्र टाकलं. आखातात पत्र पोचायला दोन आठवडे लागत आणि तो कोणत्या कामावर कुठे आहे, हे वहिनींना नक्की माहीत नव्हतं. मुंबईच्या एका वाद्यांच्या मोठ्या दुकानाला लिहिलं. त्यांचं कार्ड लगेच आलं: सदर वस्तू आम्ही विकत नाही, तिची माहितीपुस्तिका आमच्याकडे नाही, क्षमस्व. महाल भागातल्या, बाजाच्या पेट्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पुस्तकातली चित्रं घेऊन गेलो. त्याने चष्मा वर करून सगळी पानं उलटली. “याचा भाता कुठं हाय?” त्याने विचारलं. भाता नाही, असं सांगितल्यावर पुस्तक परत केलं.

इंजिनियरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी अर्धा तास दिला. ते नेमकं बोलले. अशा यंत्रात दोन उलट कामं असतात: आतलं टेपवर नेणं आणि टेपवरचं आत आणणं. दोन्हींची बटणं बहुधा जवळ असतात. चुकून दुसरं दाबलं आणि टेप कोरी असली, तर यंत्र काय करेल ते बनवणाऱ्यावर अवलंबून. “पुस्तक मिळाल्याशिवाय हात लावू नका,” ते म्हणाले. “आणि टेपवर निघालंच, तर एका टेपवर भरवसा ठेवू नका. तीन काढा.”

या काळात डब्बा दिवसरात्र चालू होता. वहिनींनी त्याच्या पलगभोवती सुतळी गुंडाळली होती आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जायचं, तिकडून जाऊ नका. गणपतीच्या दिवसांत दुपारी वीस मिनिटं लाइन गेली. परत आली तेव्हा बावीस ठेके जागेवर होते. आठ दिवसांनी पुन्हा गेली, या वेळी पाऊण तास. वहिनी पूर्ण वेळ डब्ब्यावर तळहात ठेवून बसल्या होत्या, त्याने काही होणार नाही हे माहीत असून. लाइन आल्यावर बाईंनी एकेक ठेका वाजवून पाहिला. एक ते सोळा ठीक. सतरा आणि अठरा वाजवल्यावर एक लांब, एकसुरी टिकटिक आली. एकोणीसपासून पुढचे ठीक.

सतरा म्हणजे पाळण्याचा ठेका होता. बाईंनी ‘थांब’ दाबलं. मग म्हणाल्या, “आता पाहत बसाचं नाही.”

त्याच आठवड्यात कचेरीत माझ्या टेबलावर एक छोटी बातमी आली. जपानी बौद्ध यात्रेकरूंचा गट शहरात, एका विहारात मुक्काम, उद्या दुपारी प्रस्थान. मी ती सहा ओळींवरून चार ओळींवर आणली, शीर्षक दिलं आणि पुढचा कागद घेतला. त्या कागदाच्या दोन ओळी वाचून झाल्यावर मागच्या बातमीतल्या ‘जपानी’ या शब्दाकडे परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन विहारात पोचलो तेव्हा सामान बसमध्ये चढत होतं. गटाबरोबर बोधगयेचा एक वाटाड्या होता. त्याला मी हिंदीत सगळं सांगितलं. त्याने हात जोडले. “बाबूजी, मुझे मंदिर और होटल की जापानी आती है, मशीन की नहीं।” तरी त्याने गटातल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावलं. ते आपल्या गावी भाजीचं दुकान चालवत. त्यांनी बसच्या पायरीवर बसून पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाटाड्या हसला. “कहते हैं, अक्षर सब पहचानता हूँ, बात एक भी समझ में नहीं आती।”

मी टेपरेकॉर्डरचं चित्र असलेलं पान उघडून दिलं. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. तिथे दोन शब्द रोमन लिपीत होते, ते मलाही वाचता येत होते: सेव्ह आणि लोड. बाकीचं वाटाड्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. सेव्हमध्ये मशीन टेपवर लिहील. आधी टेप चालू करायची, मग बटण दाबायचं. लोडमध्ये मशीन टेपवरून वाचेल. मग गृहस्थांनी पानावरच्या एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ते वाक्य हळू वाचलं.

“यहाँ सावधान लिखा है,” वाटाड्या म्हणाला. “लोड दबाते ही मशीन के अंदर का सब मिट जाएगा।”

“टेप कोरी हो, तब भी?” मी विचारलं.

त्याने गृहस्थांना विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. दाबताक्षणी.

“और कौन सा बटन सेव्ह का है?” मी विचारलं.

गृहस्थांनी ओळ शोधली, वाटाड्याने सांगितलं. “चित्र देखिए, लिखा है। पन्ना पंद्रह।”

पंधरावं पान म्हणजे फाटकी कड. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. वृद्ध गृहस्थांनी पुस्तक दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं, कमरेत वाकले आणि बसमध्ये चढले.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. स्टुडिओच्या तारखेला तीन दिवस होते. मी वहीतलं वाचून दाखवलं. कोरसमधला एक जण, रेल्वेत फिटर, गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, “झालं की मग! सेव्ह म्हणजे वाचवणे. भाऊनं ‘वाचव’ लिहिलं, पट्टीचा कोना फाटला अन् ‘व’ गेला. दाबा ‘वाच’. काहाले थांबले गा?”

हा अर्थ सरळ होता आणि पहिल्या क्षणी मलाही तोच पटला. सेव्ह म्हणजे वाचवणे. आम्ही कचेरीत रोज हेच भाषांतर केलं असतं. पण मुद्रितं तपासताना गळालेलं अक्षर गळालंच आहे, हे आधी पाहायचं असतं. मी वहिनींकडून भिंग मागून घेतलं, त्यांच्या सासऱ्यांचं, आणि ती पट्टी पाहिली.

भाऊ चौथी शिकलेले. त्यांची लिहिण्याची एक रीत होती: आधी शब्द, आणि मग वरून एका दमात शिरोरेघ, सुरुवातीला थोडी बाहेर, शेवटी थोडी बाहेर. ‘थांब’वर तशी होती, ‘हळू’वर तशी होती. ‘वाच’ची शिरोरेघ ‘च’च्या पुढे दोन केसांएवढी जाऊन थांबली होती आणि तिच्यापुढे पट्टी कोरी होती. फाटलेल्या शब्दाची रेघ कडेपर्यंत गेली असती. इथे शब्द पूर्ण होता.

“ ‘व’ गेलेला नाही,” मी म्हणालो. “ते ‘वाच’च आहे. टेपवरून वाच. म्हणजे लोड. ते दाबलं की सगळं पुसलं जाईल. दाबायचं ते बाजूचं.”

फिटरने हात मागे घेतला. मी भिंग खाली ठेवलं. मला वाटतं, त्या क्षणी मला समाधान वाटत होतं.

“एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “वाच म्हणजे पुस्तकच वाचणं काहून? माणूस मरता मरता वाचतो, तेही वाचणंच नं? भाऊनं डब्ब्याले म्हटलं असंल, ‘वाच बापा’. मंग ते सेव्हच झालं.”

मी पुन्हा भिंग उचललं आणि परत ठेवलं. शिरोरेघेत त्याचं उत्तर नव्हतं. शब्द पूर्ण होता आणि त्याचे दोन अर्थ होते. एका अर्थाने डावं बटण सुरक्षित होतं, दुसऱ्या अर्थाने तेच घातक. आपली भाषा मी पंधरा वर्षं दुरुस्त करत आलो होतो, आणि त्या खोलीत तिने मला मदत केली नाही.

“चिठ्ठ्या टाका,” कोरसमधला दुसरा म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“ज्यानं लिहिलं त्याले विचारा,” बाई म्हणाल्या.

“विचारलं की हो,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्याले हो म्हणते तो माणूस. काल मले म्हटलं, मी मरू का? तं म्हणे, हो.”

“तोंडाले विचारलं, वहिनी. हाताले कुठं विचारलं?”

डब्बा आत नेता येत नव्हता; पलग काढायचा नव्हता. म्हणून भाऊंना बाहेर आणायचं ठरलं. दोघांनी त्यांना उचलून लाकडी खुर्चीत बसवलं, वहिनींनी मागून उशी दिली, आणि खुर्ची डब्ब्यासमोर आणली. जुलैनंतर ते पहिल्यांदा त्याच्यासमोर आले होते. मी टेपरेकॉर्डर बाजूला ठेवला, नवी कॅसेट घातली, मागच्या दोन्ही भोकांत वायरी लावल्या. तोपर्यंत भाऊ काचेतल्या लुकलुकणाऱ्या अक्षराकडे पाहत होते.

बाई त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसल्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “डब्बा मरून राहिला. आतलं टेपवर घ्याचं हाय. पुतण्यानं कसं शिकवलं होतं, दाखवा.”

“हो,” भाऊ म्हणाले.

त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उठला, हवेत थोडा हलला आणि खालच्या ओळीच्या उजव्या टोकाकडे गेला. ‘वाच’ आणि कोरं बटण, दोन्ही त्यांच्या बोटांखाली होती. मी त्यांचं मनगट धरायला पुढे झालो. वहिनींनी मला थांबवलं.

“करू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यांचंच हाय ते.”

हात तिथेच थांबला. मग भाऊंनी तो मागे घेतला, आणि माझं मनगट धरलं. पकड अपेक्षेपेक्षा घट्ट होती. माझा हात ओढत त्यांनी टेपरेकॉर्डरवर नेला आणि माझं बोट लाल बटणावर दाबलं. लाल बटण म्हणजे भरून घेण्याचं. मी वाजवण्याचं आणि लाल अशी दोन्ही एकत्र खाली दाबली. कॅसेटची चाकं फिरायला लागली. भाऊंनी ती फिरताना पाहिली. नंतरच त्यांचा हात डब्ब्याकडे परत गेला.

तेव्हा मला ते समजलं, आणि मी ते मोठ्याने म्हणालोही: टेपवरून आत आणायचं असतं तर त्यांनी लाल बटण मागितलं नसतं. जो माणूस आधी लाल बटण मागतो, तो लिहायला निघालेला आहे. माझं वाक्य पूर्ण होण्याच्या आत त्यांनी पट्टी नसलेलं बटण दाबलं.

टेपरेकॉर्डरमधून कर्कश किंकाळीसारखा आवाज यायला लागला, मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा. कोरसमधल्या दोघांनी एकदमच कानांवर हात ठेवले. भाऊंनी ठेवले नाहीत. ते मान किंचित तिरपी करून तो आवाज ऐकत होते, ढोलक चढवताना ऐकायचे तसे. सव्वा मिनिटाने आवाज थांबला. बाईंनी एक नंबरचा ठेका लावला. तो आत होता. दोन होता. सोळा होता. बावीस होता.

प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही आणखी दोन कॅसेट काढल्या. दर वेळी भाऊंनी आधी लाल बटण दाबल्याची खात्री करून घेतली.

पण टेपवर नक्की काय गेलं, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. ते कळायचा एकच मार्ग होता: डब्बा रिकामा करून परत भरणं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवाला आला तेव्हा भाऊ पुन्हा खुर्चीत डब्ब्यासमोर बसलेले होते. नवा सेल त्याने खिशातून काढून आम्हा सगळ्यांना दाखवला. “पाहा, एकदा काढला तं मले शिव्या देऊ नका,” तो म्हणाला. वहिनींनी पलगभोवतीची सुतळी सोडली आणि स्वतःच्या हाताने पलग काढला. काच काळी झाली. झाळणीचा धूर निघाला. वीस मिनिटांनी पलग परत लावला तेव्हा ‘बी’ गेलेलं होतं. बाईंनी एक नंबर लावला. काही वाजलं नाही. बावीस जागा, बावीस कोऱ्या.

टीव्हीवाला हत्यारं गोळा करायच्या निमित्ताने थांबून राहिला. मी पहिली कॅसेट सुरुवातीला आणली, वायरी तपासल्या आणि ‘वाच’ दाबलं. मग टेप चालू केली. तोच कर्कश आवाज. या वेळी काचेत आकडे पुढे सरकत होते. मधे एकदा आकडा अडला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आकडा पुढे सरकला. आवाज संपला.

बाईंनी एक नंबर लावला.

ठेका सुरू झाला. भाऊंचाच: समेच्या आधी तो एक ठोका किंचित उशिरा टाकायची त्यांची सवय, ज्यावरून आमचं आणि त्यांचं दर तालमीला भांडण व्हायचं, तीसुद्धा जशीच्या तशी होती. फिटरने टीव्हीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. बाईंनी गुणगुणायला सुरुवात केली आणि उत्साहात लयीचं बटण दोन घरं वर नेलं. ठेका धावायला लागला.

“नाही,” भाऊ म्हणाले.

सगळे थांबले. ठेका तेवढा चालू होता.

“काय म्हणाले?” वहिनींनी विचारलं. “काय म्हणाले तुम्ही?”

भाऊंचा डावा हात खुर्चीच्या हातावर पडत होता, सावकाश, डब्ब्याच्या निम्म्या गतीने. तोंड ओढल्यासारखं करून त्यांनी पुन्हा म्हटलं, “नाही.”

बाईंनी लय एक घर खाली आणली. हात तसाच पडत राहिला. आणखी एक घर. मग आणखी एक. चौथ्या घराला डब्बा आणि हात एकत्र आले.

“हो,” भाऊ म्हणाले.

कॅसेटवर एक नंबरचं गाणं त्याच लयीत आहे. सतरा आणि अठरा परत मिळाले नाहीत; पाळणा बाईंनी ठेक्याशिवाय गायला. पंधरावं पान नोव्हेंबरात आलं, आखातातून, झेरॉक्स, चार घड्या घातलेलं. मी ते डब्ब्याशी ताडून पाहिलं. उजवीकडचं बटण सेव्ह, डावीकडचं लोड. वहिनींनी पान पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. कोऱ्या बटणाखाली नवी पट्टी लावू का, असं मी भाऊंना विचारलं. तोपर्यंत त्यांच्याकडे दोन शब्द झाले होते आणि ते विचार करून वापरत.

“नाही,” ते म्हणाले.